आर्विडराव श्लिमगेन यांची रकान्यावरील मोहीम

श्री मतयंत्र प्रसन्न.

हुजुरांची आज्ञा जाहली की, विस्कॉन्सिन प्रांती मौजे लिटल पाईक येथे श्रावणमासी प्रायमरीचे जे रण माजले, आणि ज्यात राजश्री आर्विडराव श्लिमगेन यांसारख्या पोक्त गृहस्थास यंत्राने भरसभेत फटकारले, त्या प्रकरणाचा मजकूर मुळापासून लिहून पाठवावा. त्यावरून सेवक, त्या मुलखाच्या चीज-सॉसेजवर बहुत वर्षे पोसला असल्याकारणे, डोळ्यांनी पाहिले ते आणि न पाहता कळले ते ऐसे दोन्ही एकत्र करून लिहिता जाहला. पदरचे फारसे घातले नाही. घातले तेथे घातले ऐसे सांगितलेही नाही, कारण बखरीचा तो रिवाज नव्हे.

तर मूळ ऐसे. त्या मुलखी फौजा दोन. एकीच्या निशाणावर हत्ती, दुसरीच्या निशाणावर गाढव, आणि उभयतांस आपापल्या जनावराचा अभिमान. कार्तिकमासी हत्ती आणि गाढव एकमेकांवर चालून जातात ते खरे युद्ध; परंतु तत्पूर्वी श्रावणात हत्ती हत्तींत आणि गाढवे गाढवांत झुंजून कार्तिकात कोणास पुढे धाडावे ते ठरवितात, यास प्रायमरी म्हणावे. मतपत्रिका एकच, केळीच्या पानाएवढी लांब. तीत हत्तींचा एक रकाना आणि गाढवांचा एक रकाना, आणि दोहींत वरून खाली गव्हर्नर, विधानसभा, शेरीफ, कोरोनर ऐसे हरएक ओहदे आणि त्यांचे इच्छुक, आणि नावानावासमोर काळी करावयाची एकेक टिकली. मतदाराने मनास येईल तो रकाना धरावा, कोणी पुसणार नाही. मात्र धरला तो धरला. एक पाय हत्तीवर आणि एक गाढवावर ठेवील त्याची दोहींकडील मते बाद, आणि पत्रिका तपासणारे यंत्र ती नाद करून परत देते. हा कायदा, आणि या कायद्यापायीच पुढील सारा अनर्थ.

राजश्री आर्विडराव, उमर एकसष्ट, ट्रॅक्टर दुरुस्तीचा कारखाना बाळगून, जन्माने हत्तींच्या घराण्यातले. परंतु मार्लिसबाईसाहेबांशी सोयरीक जाहली तेव्हा गाढवाचे निशाण आंदणादाखल घरात आले आणि मग ते कधी उतरले नाही. बाईसाहेबांचे आजे, तीर्थरूप, मामा, सारे गाढवांचे जुने मानकरी. मौजे लिटल पाईक हा मात्र हत्तींचा बालेकिल्ला. तेथे गाढवांच्या रकान्यात दर प्रायमरीस अकरा मते पडत. दहा नव्हे, बारा नव्हे, अकरा. तालुक्याचे साप्ताहिक गाववार आकडे छापी, आणि मत गुप्त असते ऐसे कायद्यात लिहिले असले तरी ते अकरा कोण, हे चीजच्या कारखान्यापासून चर्चच्या तळघरापर्यंत सर्वांस पाठ होते. आर्विडराव त्यांतले एक. गावात त्यांचे नाव 'जावई गाढव'.

यंदा प्रकरण चिघळण्याचे कारण ऐसे की, बाईसाहेबांच्या धाकट्या भगिनी डार्लिनबाई, राहणार तेथेच गिरजाघरामागे, यांची कन्या किर्स्टन ही विधानसभेसाठी गाढवांच्या रकान्यात उभी राहिली. तिजसमोर गाढवांपैकी दुसरे कोणी उभे राहिले नाही, तेव्हा तिने स्वतःचे एक मत स्वतःस दिले तरी श्रावणातली लढाई तिने जिंकलीच होती. परंतु इज्जत ही चीज मतांच्या गरजेवर अवलंबून नसते. सबब मार्लिसबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, श्लिमगेनांच्या घरची दोन्ही मते किर्स्टनच्या नावासमोर पडावीत, आणि यात कसूर करील त्याने आपला ताट-पेला कारखान्यात न्यावा.

इकडे हत्तींच्या रकान्यात कोरोनरच्या ओहद्यासाठी लाईलजी ब्रेकेन उभे राहिले. कोरोनर म्हणजे, कोणी इसम घरी अगर रस्त्यात अकस्मात मरण पावल्यास जाऊन पाहणे आणि काय कारणे गेला ते लिहून देणे, हे ज्याचे काम तो. लाईलजी त्या कचेरीत नायब म्हणून बहुत वर्षे राबलेले. त्यांचे मुकाबल्यास ग्रेडन हॅव्हर, जो अंत्यसंस्काराचे दुकान चालवी, म्हणजे मयताचा पंचनामा करणार तोच आणि पेटी विकणार तोच, ऐसा दुहेरी मनसुबा. गाढवांनी या जागी कोणासच उभे केले नव्हते. तेव्हा श्रावणात हत्तींत जिंकेल तोच कोरोनर, आणि ही झुंज इतकी चुरशीची की उभयतांचे पुढारी सरणावर गेलेल्यांचीही मते मोजू लागले होते.

आणि आर्विडरावांवर लाईलजींचा एक उपकार होता, तो ऐसा. गतवर्षी फाल्गुनात तळ्यावरील बर्फ पातळ जाहला असता, आणि बर्फावर ट्रक नेऊ नये ऐसी बाईसाहेबांची सक्त ताकीद असता, बाईसाहेब चर्चमध्ये गोधडी शिवावयास गेल्याची संधी साधून आर्विडराव मासे धरावयास ट्रकसुद्धा तळ्यावर गेले. आणि मग आर्विडराव बर्फावर राहिले आणि ट्रक तळ्यात गेला. त्या समयी लाईलजींनी आपला ट्रॅक्टर आणि साखळदंड आणून ट्रक बाहेर ओढला, आणि आपल्या गोठ्यात ठेवून गवत वाळवण्याच्या पंख्याने वाळवला, आणि घरी गिअरबॉक्स बिघडल्याची बतावणी जाहली. तेव्हापासून लाईलजींनी त्या प्रकरणी अवाक्षर काढले नाही. जो मनुष्य ऐसी गोष्ट दारूच्या गुत्त्यात दर शुक्रवारी सांगू शकतो आणि सांगत नाही, त्यास मत न द्यावे तर कोणास द्यावे.

एके दिवशी लाईलजी गवत कापण्याच्या यंत्राचे पाते धार लावावयास घेऊन कारखान्यात आले.

"किती मतं होतील रे?" आर्विडरावांनी पुसले.

"काठावर आहे, गड्या. हॅव्हरने सगळ्या चर्चना हातपंखे वाटलेत. पंख्यावर स्वतःचा फोटो. उन्हाळाभर लोक त्याचं तोंड हलवतायत."

"हं."

"मी तुझ्याकडे मागायला आलेलो नाही. तुझ्या घरची अडचण कळते मला."

"मागितलं असतंस तर बरं झालं असतं," आर्विडराव म्हणाले. "नाही म्हणता तरी आलं असतं."

लाईलजी पाते घेऊन गेले, आणि आर्विडराव तसेच खुर्चीवर बसून राहिले.

मग मोहिमेची तयारी सुरू जाहली. मतपत्रिकेचा नमुना फ्रिजच्या दारावर चुंबकाने जडवला गेला. वाहन हाकण्याचा परवाना, जो ओळखीदाखल दाखविल्यावाचून मतदान होत नाही, तो दोन दिवस बेपत्ता होऊन अखेरीस माशांच्या गळांच्या डबीत, एका गळास अडकलेला सापडला. नजीकच्या नजरेचा चष्मा, दूरच्या नजरेचा चष्मा, आणि दोन्ही हरवल्यास बाईसाहेबांचा चष्मा, ऐसी रसद जमा जाहली. लाईलजींची छापील टोपी, जी मतदानस्थळी घालणे कायद्याने मना, ती बाईसाहेबांनी जप्त करून तीत कांदे ठेवले. आणि स्वयंपाकघरातील मेजावर कवायत योजण्यात आली.

"हे बघ," बाईसाहेब म्हणाल्या, "मी यंत्र. तू भर आणि माझ्या हातात दे."

आर्विडरावांनी किर्स्टनच्या नावासमोरील टिकली काळी केली. मग बाईसाहेबांची नजर कॉफीकडे गेलीशी पाहून पेन हळूच हत्तींच्या मुलखात घुसवले, आणि लाईलजींच्या टिकलीस किंचित स्पर्श करून परतवले, आणि पत्रिका सादर केली. बाईसाहेबांनी ती डोळ्यांजवळ नेली.

"टूंऽऽ," बाईसाहेब म्हणाल्या.

"काय झालं?"

"दोन रकाने. बाद. परत रांगेत उभा राहा."

"जरासं टेकलं होतं फक्त."

"यंत्राला जरासं कळत नाही. मलाही नाही."

"बरं. गाढवांच्या रकान्यात कोरोनरची जागा रिकामी आहे. तिथे हाताने लाईलचं नाव लिहिलं तर चालतं. मी वाचलंय."

"म्हणजे गाढवांतर्फे उभा करणार तू लाईलला? त्याची आई थडग्यातून उठून येईल, आणि मग तिचा पंचनामाही त्यालाच करावा लागेल."

"मार्लिस, किर्स्टनसमोर कोणी उभंच नाहीये."

"आणि पेपरात आपल्या गावचं दहा आलं तर? थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला डार्लिन टर्कीच्या ताटावरून माझ्याकडे बघेल. तिला बघताना बघितलंयस ना तू?"

"बघितलंय," आर्विडराव म्हणाले, आणि खुर्ची किंचित मागे सरकवली.

"मग? लाईलचा एवढा कोण लागतोस तू?"

"काही नाही. चांगला माणूस आहे, इतकंच."

यावर बाईसाहेबांनी पाठ फिरवली आणि धुतलेला कप पुन्हा धुतला. ही गोष्ट आर्विडरावांच्या ध्यानात आली नाही. बखरकाराच्या आली.

मंगळवारी न्याहारी होताच कूच जाहले. खासा आर्विडराव चक्र हाती धरून, बाजूस बाईसाहेब, आणि मागे ट्रकचा रिकामा हौदा. मतदानाचे ठिकाण गावचा टाउन हॉल, ज्याच्या अर्ध्या भागात बर्फ ढकलण्याचा नांगर उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि उरलेल्या अर्ध्यात लोकशाही चालते. मेजावर मुख्य अधिकारी इर्माबाई टेस्मर, उमर शहाऐंशी, ज्यांनी गावच्या तीन पिढ्यांस रविवारच्या शाळेत नोहाची नौका शिकवली, कानांनी किंचित अधू आणि त्याकारणे आवाजाने भरभक्कम.

"नाव आणि पत्ता. मोठ्याने."

"इर्माबाई, माझ्या बाप्तिस्म्याचा केक तुम्हीच केला होता."

"नाव आणि पत्ता, बाळा."

"आर्विड श्लिमगेन. तुमच्या समोरचं घर."

"समोरचं घर हा पत्ता नाही."

मग पत्ता सांगितला गेला, आणि परवाना दाखवला गेला, आणि इर्माबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला.

"यात फार दुःखी दिसतोस."

"परवान्याचा फोटो आहे."

"मी काही म्हणत नाही. सही कर."

पत्रिका घेऊन आर्विडराव पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिरले. बाईसाहेब दोन आडोसे सोडून. आर्विडरावांनी प्रथम किर्स्टनची टिकली भरली, आणि ती ऐसी गच्च भरली की कागद मागून फुगला, आणि घरच्या इज्जतीची बाजू पुरी जाहली. मग पेन खाली ठेवावे तो डोळ्यांसमोर तळे आले, आणि बर्फाच्या भोकात बुडबुडे सोडीत जाणारा ट्रक आला, आणि साखळदंड खांद्यावर टाकून काही न विचारता चालत येणारे लाईलजी आले. कवायतीत बाईसाहेब यंत्र होत्या. बाईसाहेबांस सर्वच कळते. परंतु खरे यंत्र हे सरकारी, आणि सरकारी वस्तू इतकी जागरूक कोठून असावयाची, ऐसा विचार करून त्यांनी हत्तींच्या रकान्यात मुसंडी मारली आणि लाईलजींची टिकली भरली.

यंत्राने पत्रिका गिळली, आणि क्षणभर चघळली, आणि मग मोठा नाद करून परत ओकली.

इर्माबाई उठून आल्या. त्यांनी यंत्रावरील अक्षरे हात लांब करून वाचली, आणि मग नांगरामागे चकाट्या पिटीत बसलेल्या रस्तेखात्याच्या दोघा इसमांसही ऐकू जावे ऐशा स्वरात म्हणाल्या, "दोन्ही पक्षांना दिलंयस, बाळा. एकच निवडायचा असतो."

नांगरामागचे बोलणे थांबले. बाईसाहेब आडोशातून मान काढून पाहत्या जाहल्या. ती नजर आर्विडरावांनी पूर्वी एकदाच पाहिली होती, लग्नाच्या केकवर बसले होते तेव्हा.

"जुनी पत्रिका बाद. ही दुसरी," इर्माबाई म्हणाल्या. "तीन मिळतात. चौथी मागायला येऊ नकोस."

दुसरी पत्रिका घेऊन आर्विडराव पुन्हा आडोशात शिरले आणि तेथे खिळून राहिले. एकीकडे ताट-पेला, डार्लिनबाई, टर्की. दुसरीकडे साखळदंड खांद्यावर घेतलेला मनुष्य, ज्याने कधी काही मागितले नाही. पेन या रकान्यावर जाई आणि मागे फिरे, आणि त्या रकान्यावर जाई आणि मागे फिरे, आणि कोणतीच टिकली भरेना. गव्हर्नर कोण व्हावा यासंबंधी त्यांस किमपि मत नव्हते, शेरीफासंबंधीही नव्हते. कोरोनर मात्र गळ्याशी आला होता.

इतक्यात यंत्राने पुन्हा तोच नाद केला.

आर्विडरावांनी वळून पाहिले. यंत्रासमोर मार्लिसबाईसाहेब उभ्या होत्या. तीन पिढ्यांच्या मानकरी, गाढवांच्या निशाणाखाली पाळण्यात निजलेल्या, कवायतीत स्वतः यंत्र जाहलेल्या.

"पेन निसटलं असेल," बाईसाहेब म्हणाल्या.

"मी पत्रिका बघितलेली नाही," इर्माबाई म्हणाल्या. "निसटलं तर निसटलं. ही घे दुसरी."

बाईसाहेब दुसरी पत्रिका घेऊन सरळ खिडकीशी गेल्या. आर्विडराव आपली कोरी पत्रिका उराशी धरून मागोमाग गेले.

"एक अक्षर बोलू नकोस," बाईसाहेब म्हणाल्या.

"नाही बोलत."

"आई गेली तेव्हा तिला न्यायला लाईल आला होता ना," बाईसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "तू पार्ट आणायला गेला होतास. मी तिचे केस विंचरत होते. वेणी घालायची म्हटलं, तशी नाही पाठवायची तिला. तो स्वयंपाकघरात बसून राहिला. गाडी बाहेर उभी. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्याने. मी बाहेर आले तर सिंकमधल्या सगळ्या कपबश्या धुवून पालथ्या घालून ठेवलेल्या." मग थोडे थांबून म्हणाल्या, "हॅव्हर असता तर पेट्यांचं पुस्तक उघडलं असतं."

हे ऐकून आर्विडरावांचे अंतःकरण भरून आले, आणि अंतःकरण भरून आलेल्या मनुष्यास तोंडावर ताबा राहत नाही, आणि त्यांस वाटले की आता उभयतांमध्ये पडदा कसला. मग ते म्हणाले, "आणि माझा ट्रकही त्यानेच बाहेर काढला."

"कुठला ट्रक?"

येथे आर्विडरावांस आपली चूक उमगली. परंतु सुटलेला गोळा परत तोफेत घालता येत नाही.

"आपला."

"बाहेर म्हणजे कुठून?"

"तळ्यातून."

"कुठल्या तळ्यातून?"

"गावात एकच तळं आहे, मार्लिस."

बाईसाहेबांनी आपली पत्रिका कठड्यावर ठेवली. नांगरामागील दोघे इसम किंचित पुढे सरकले, कारण त्यांस पुढचे ऐकावयाचे होते.

"म्हणजे गिअरबॉक्स—"

"गिअरबॉक्समध्येही पाणी गेलं होतं. ते काही खोटं नव्हतं."

"मतदानाच्या खोलीत कुजबुज नको," इर्माबाई मेजावरून गरजल्या, "आणि करायचीच तर मला ऐकू येईल अशी करा."

मग उभयतांत तेथेच, खिडकीच्या कठड्यावर, तह जाहला. त्याची कलमे बाईसाहेबांनी सांगितली आणि आर्विडरावांनी मान डोलावून कबूल केली. बाईसाहेब मावशी असल्याकारणे गाढवांचा रकाना त्यांचेकडे. हत्तींचा रकाना आर्विडरावांकडे. ट्रकचा विषय घरी गेल्यावर, आणि त्यावर कोणतीही सूट नाही. पेपरात दहा आल्यास डार्लिनबाईंस तोंड देण्याचे काम बाईसाहेबांचे.

"आणि हे बघ," बाईसाहेब जाता जाता म्हणाल्या. "त्याची टिकली नीट भर. त्यात माझंही आहे."

आर्विडरावांनी हत्तींच्या रकान्यात, जेथे त्यांचे तीर्थरूप आणि आजे वावरले होते आणि जेथे ते स्वतः लग्नापासून फिरकले नव्हते, तेथे प्रवेश केला, आणि इतर कोणत्याही ओहद्यास स्पर्श न करता एकच टिकली भरली, आणि ती दोन माणसांची म्हणून सावकाश भरली. यंत्राने पत्रिका गिळली आणि मुकाट राहिले. पाठोपाठ बाईसाहेबांची गिळली आणि तेव्हाही मुकाट राहिले. इर्माबाईंनी उभयतांस 'मी मत दिले' ऐसी गोल चिकट चकती, जी त्या मुलखी खिल्लतीच्या ठिकाणी देतात, ती स्वहस्ते छातीवर चिकटवली, आणि आर्विडरावांची थापटून म्हणाल्या, "शाळेतही तुला दोनदाच सांगावं लागायचं."

घरी गेल्यावर ट्रकच्या कलमाची अंमलबजावणी जाहली. तिचा तपशील येथे लिहीत नाही, कारण ही विजयाची बखर आहे.

मग साप्ताहिक आले. कोरोनरच्या झुंजीत लाईलजी ब्रेकेन यांनी ग्रेडन हॅव्हर यांस सात मतांनी मात दिली, आणि हॅव्हरांचे हातपंखे रद्दीत गेले. किर्स्टनबाई बिनविरोध. आणि खाली बारीक टाईपात गाववार आकडे: लिटल पाईक, गाढवांचा रकाना, नऊ.

बाईसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दहाची तयारी केली होती. एक फितूर त्यांच्या मंजुरीचा होता. नऊचा आकडा म्हणजे आणखी कोणी निसटले होते, आणि डार्लिन आता एक नव्हे दोन मतांचा जाब मागणार. इतक्यात फोन वाजला आणि तो डार्लिनबाईंचाच होता.

"पेपर बघितलास?" डार्लिनबाईंनी पुसले.

"बघितला. नऊ." बाईसाहेबांनी श्वास घेतला. "डार्लिन, त्यातलं एक आर्विडचं कमी आहे. त्याने लाईलला दिलं. मीच सांगितलं द्यायला. तुला काय बोलायचं ते मला बोल."

पलीकडे कपबशी वाजली.

"डार्लिन?"

"ऐकतेय."

"दुसरं कोणाचं, मला माहीत नाही. शपथ घेते."

"पाद्रीबुवांचं असेल," डार्लिनबाई म्हणाल्या.

"पाद्री हत्तींत आहेत गं. सगळ्या गावाला माहितीये."

मग डार्लिनबाई अगदी हळू म्हणाल्या, "तिच्यासमोर कोणी उभंच नव्हतं, मार्लिस. आणि आई गेली त्या दिवशी लाईल तुझ्याकडून निघून माझ्या दारात आला होता. तू सांगितलं नव्हतंस, तरी आला. म्हणाला, तुमची बहीण म्हणाली वेणी घातलीये. ते ऐकायचं होतं मला, आणि ते त्याला कसं कळलं देव जाणे." मग एकदम पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "किर्स्टनला कळलं तर मी तुला टर्की घालणार नाही."

"माझ्याकडून नाही कळायचं."

शनिवारी किर्स्टनबाईंनी तळ्याकाठी विजयाची मेजवानी दिली. सॉसेज भाजली गेली, मका उकडला गेला, बटाट्याचे सॅलड परातीत आले. मग किर्स्टनबाई बाकावर उभ्या राहून भाषण करत्या जाहल्या, आणि भाषणाच्या शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "बाहेरचं कोण देईल, कोण नाही, मला कधीच माहीत नव्हतं. पण आई, मावशी आणि आर्विडकाका, ही माझी तीन मतं पहिल्या दिवसापासून पक्की होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डार्लिनबाई, मार्लिसबाई आणि आर्विडराव या तिघांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मग तिघेही एकाच वेळी बटाट्याच्या सॅलडकडे वळले.

येणेप्रमाणे मौजे लिटल पाईकची प्रायमरी फत्ते जाहली. कोरोनरपद लाईलजींचे लाईलजींस, उमेदवारी किर्स्टनबाईंची किर्स्टनबाईंस, आणि सात मतांच्या त्या विजयात दोन मते गाढवांच्या घरची होती, हे हत्तींच्या दप्तरी नमूद नाही आणि गाढवांच्या तर नाहीच. तेवढ्यापुरते येथे लिहून ठेवले आहे. पढणाराने वाचावे, आणि किर्स्टनबाईंस मराठी येत नाही हे ध्यानी धरून निश्चिंत असावे.